नोकरी लागल्यानंतरचे सहा महिने : ऑन्टारियोतील रोजगार सल्लागाराचे काम

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

कॅनडात येण्यासाठी गुण कसे मोजतात, इंग्रजीची कोणती परीक्षा द्यावी लागते, अर्ज कुठे अडतो, याबद्दल मराठीत आता पुष्कळ माहिती उपलब्ध आहे. इथे उतरल्यावर पोटापाण्याची व्यवस्था कशी लागते आणि लागलेली नोकरी वर्षभर टिकते का, याबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही. मी कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातील मिसिसागा येथे रोजगार सल्लागार आहे. नोकरी शोधणाऱ्यांना काम मिळवून देणे आणि ते काम टिकेल असे पाहणे हा गेली अनेक वर्षे माझा व्यवसाय आहे. इकडे येऊ घातलेल्या, नुकत्याच आलेल्या आणि येऊन अडकून पडलेल्या मराठी मंडळींना उपयोग व्हावा म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांची ओळख पटू नये इतपत तपशील बदललेले आहेत.

मी मूळची सांगलीची. तिथे एका कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शाखेला शिकवत होते. २००५ साली पती आणि लहान मुलगी यांच्यासह इकडे आले. अर्जात पती मुख्य अर्जदार होते, त्यामुळे माझ्या शिक्षणाचे आणि अनुभवाचे पुढे काय करायचे याचा विचार आम्ही दोघांनीही नीट केलेला नव्हता. माझे पहिले काम टेम्प एजन्सीमार्फत, म्हणजे कारखान्यांना तात्पुरती माणसे पुरवणाऱ्या कंपनीमार्फत, मिळाले. विमानतळाजवळच्या एका गोदामात सौंदर्यप्रसाधनांच्या बाटल्या खोक्यांत भरण्याचे ते काम होते. पहाटे एजन्सीची व्हॅन ठरलेल्या कोपऱ्यावर येत असे. त्या दिवशी माणसे हवी असतील तर आत घेत, नसतील तर घरी परत जायचे. पट्ट्यावर माझ्या डाव्या हाताला फिलिपिन्समधील एक परिचारिका होती आणि समोर पंजाबातील एक शाळामास्तरीण. उद्या काम आहे की नाही हे आम्हां तिघींपैकी कोणालाच आदल्या रात्रीपर्यंत ठाऊक नसे. कष्टांपेक्षा ही अनिश्चितता माणसाला अधिक पोखरते, हे मी तिथे पाहिले. भाडे वेळेवर देता येईल का, मुलीला पाळणाघरात घालावे की नाही, दातांच्या डॉक्टरकडे जावे की थांबावे, असा प्रत्येक लहानमोठा निर्णय त्या व्हॅनवर अवलंबून राहत असे.

पुढे स्थलांतरितांना मदत करणाऱ्या एका संस्थेत मी आठवड्यातून काही तास स्वयंसेवक म्हणून जाऊ लागले. हिंदी येत असल्यामुळे उत्तर भारतीय आणि पाकिस्तानी मंडळींचे अर्ज भरून देणे, त्यांच्यासोबत बँकेत जाणे अशी कामे माझ्याकडे आली. शिकवण्याची सवय होती, म्हणून नंतर रेझ्युमेची कार्यशाळा सोपवली गेली. संध्याकाळच्या वर्गांतून करिअर समुपदेशनाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि सल्लागाराच्या जागेवर नेमणूक झाली. तेव्हा २००८ ची मंदी सुरू झाली होती. ऑन्टारियोतील मोटारउद्योग आणि त्याला सुटे भाग पुरवणारे कारखाने माणसे कमी करत होते. प्रांत सरकारने त्याच वर्षी जून महिन्यात 'सेकंड करिअर' ही पुनर्प्रशिक्षणाची योजना सुरू केली होती, तीच आज 'बेटर जॉब्स ऑन्टारियो' या नावाने चालते. माझ्यासमोर पन्नाशीतले, इथेच जन्मलेले कामगार येऊन बसू लागले. शाळा सोडल्यापासून एकाच कारखान्यात राहिल्यामुळे त्यांनी आयुष्यात कधी रेझ्युमे लिहिलेला नव्हता. नोकरी गेल्याची लाज स्थलांतरितालाच वाटते असा माझा समज होता. समोरच्या खुर्चीत बसलेले ते उंचपुरे पुरुष नजर खाली घालून बोलत, तेव्हा तो समज गेला.

या सेवेची रचना थोडक्यात सांगते. 'एम्प्लॉयमेंट ऑन्टारियो' ही प्रांत सरकारची योजना असून तिची केंद्रे बहुतांशी स्वयंसेवी संस्था, महाविद्यालये किंवा कंपन्या चालवतात. नोकरी शोधणाऱ्याला तिथे एक पैसाही द्यावा लागत नाही. सल्लागार माणसाची माहिती घेतो, त्याच्यासोबत आराखडा ठरवतो, रेझ्युमे आणि मुलाखतीची तयारी करून घेतो; जॉब डेव्हलपर कारखान्यांत आणि कार्यालयांत जाऊन मालकांशी संबंध जोडतो. मी दोन्ही भूमिका केल्या आहेत. याखेरीज केंद्र सरकारच्या निधीतून चालणाऱ्या स्थलांतरितांसाठीच्या वेगळ्या सेवा आहेत, त्यांत इंग्रजीचे मोफत वर्गही येतात. त्या कायम रहिवाशांसाठी आणि निर्वासित म्हणून संरक्षण मिळालेल्यांसाठी असतात, आणि नागरिकत्व घेतल्यावर त्या मिळत नाहीत. म्हणून नागरिकत्वाच्या घाईत त्यांचा लाभ घ्यायचा राहून जाऊ देऊ नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. नोकरी टिकणार की सुटणार, हे बहुतेक वेळा ती स्वीकारण्यापूर्वीच ठरलेले असते, आणि ज्या गोष्टींवरून ते ठरते त्या रेझ्युमेत कुठेच नसतात. घरापासून कामापर्यंत पहाटे पाचला किंवा रात्री बाराला बस आहे का? पाळणाघर सायंकाळी सहाला बंद होत असेल तर साडेसहाला सुटणारी पाळी कशी जमणार? घरात एकच मोटार असेल आणि पती-पत्नी दोघांचीही कामे शहराच्या दोन टोकांना असतील तर पहिल्या हिमवादळात काय होईल? तासांची हमी किती आहे, की दर आठवड्याला वेळापत्रक बदलते? आपल्याला कोणी नेमले आहे, कारखान्याने की एजन्सीने?

२०१६ च्या सुरुवातीला सीरियातून निर्वासित कुटुंबे मोठ्या संख्येने आली. नोव्हेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या काळात कॅनडाने पंचवीस हजारांहून अधिक लोकांना आणले. त्यांतील एक सुतार माझ्याकडे होता. हातात उत्तम कसब, इंग्रजी जेमतेम. फर्निचर बनवणाऱ्या एका कारखान्याने त्याचे काम पाहून जागच्या जागी होकार दिला, आणि तरीही पहिल्याच महिन्यात नोकरी सुटण्याची वेळ आली. कारखाना शहराच्या हद्दीबाहेर होता आणि दुसऱ्या पाळीनंतर परतीची बस नव्हती. तो थंडीत चालत येत असे, आणि हे कोणाला सांगणे त्याला कमीपणाचे वाटे. आठवड्याच्या फोनवर त्याच्या बायकोकडून ते कळले. मी फोरमनशी बोलले, पहिल्या पाळीतली एक जागा रिकामी होत होती ती त्याला मिळाली. त्या कारखान्यात तो पुढे अनेक वर्षे राहिला. त्याचे कौशल्य पहिल्या दिवशी होते तेवढेच त्या महिन्यातही होते. मधे आडवी आली होती फक्त बस.

म्हणून नोकरी लागल्याच्या दिवशी माझे काम संपत नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळी, पहिल्या आठवड्याच्या शेवटी आणि पहिल्या पगाराच्या दिवशी मी फोन करते. पगाराच्या दिवशीचा फोन मुद्दाम असतो. पगाराची पावती मिळाली का, तिच्यात आयकर, पेन्शन योजना आणि बेरोजगारी विमा यांच्या वजावटी दाखवल्या आहेत का, आठवड्याचे तास ४४ च्या वर गेले असतील तर वरच्या तासांना दीडपट दर लावला आहे का, हे मी विचारते. रोख पगार देऊन पावती न देणाऱ्या मालकाकडे केलेले काम कुठेच नोंदले जात नाही. नोकरी गेल्यावर बेरोजगारी विम्यासाठी प्रदेशानुसार ४२० ते ७०० तासांची नोंद लागते; ती नसेल तर वर्षभर राबूनही हात रिकामे राहतात.

पहिले तीन महिने सर्वांत नाजूक असतात, कारण ऑन्टारियोच्या कायद्यानुसार या काळात मालकाला नोटीस न देता माणसाला काढता येते. या काळात आपल्याकडच्या लोकांचा एक ठरावीक गैरसमज होतो. पुण्यातील मोठ्या कार्यालयात हिशेबनीस म्हणून काम केलेली एक बाई माझ्याकडे होती. नवीन नोकरीत ती मान खाली घालून, कोणालाही त्रास न देता काम करत होती आणि साहेबांना वारंवार प्रश्न विचारणे हे अडाणीपणाचे लक्षण समजत होती. तिची मॅनेजर मात्र तिला कामात रस नाही अशी नोंद करत होती, कारण ती काहीच विचारत नव्हती. दोघीही आपापल्या परीने बरोबर वागत होत्या. ती राजीनामा लिहून बसली असताना माझा फोन गेला. दर सोमवारी दहा मिनिटे प्रश्नांसाठी मागून घेण्याचे आम्ही ठरवले, आणि त्या दहा मिनिटांनी चित्र पालटले.

२०१९ मध्ये प्रांत सरकारने या सेवांची फेररचना जाहीर केली, आणि आमचा पील विभाग पहिल्या तीन प्रायोगिक विभागांपैकी एक होता. आता संस्थांच्या निधीचा काही भाग निष्पत्तीवर अवलंबून असतो: माणूस आठवड्याला किमान वीस तास काम करत आहे का, हे पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात तपासले जाते. यावर आमच्या क्षेत्रात तीव्र मतभेद आहेत. बाराव्या महिन्यापर्यंत मागोवा घ्यायला लावणे मला मनापासून पटते, कारण पूर्वी नोकरी लागली की फाइल बंद करण्याची घाई होत असे. मात्र पैसा निकालाशी बांधला की लवकर नोकरी लागेल अशाच माणसांना आधी हाती घेण्याचा मोह संस्थेला होतो. दीर्घकाळ बेरोजगार राहण्याचा धोका अधिक असलेल्यांसाठी जास्त मोबदला ठेवून सरकारने त्याला आवर घालण्याचा प्रयत्न केला आहे, पण आजारपण, कर्ज आणि तुटलेले घर घेऊन आलेल्या माणसाला लागणारा वेळ कोणत्याही कोष्टकात पुरता मावत नाही. शिवाय आठवड्याचे वीस तास भरले म्हणजे घर चालते असेही नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून इथले किमान वेतन ताशी १७.६० डॉलर आहे, आणि टोरोंटो परिसरात वीस तासांच्या किमान वेतनात भाडेसुद्धा निघत नाही.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. मला माहीत आहे तेवढे सविस्तर लिहीन.

मावळतीकर

अतिशय उपयुक्त लेखन. माझा धाकटा भाऊ ब्रॅम्प्टनमध्ये एका गोदामात टेम्प एजन्सीमार्फत काम करतो. त्याला तिथे वर्ष होऊन गेले, पर्यवेक्षक त्याच्यावर खूश आहेत, पण कायम करण्याबद्दल कोणी बोलत नाही. शेजारी उभा असलेला कायम कामगार तेच काम करून जास्त पगार घेतो. त्याने काय करावे, असे आपल्याला वाटते?

कृष्णाकाठ

मावळतीकर, यात एक कायदेशीर बाब आहे जी कामगारांना सहसा कोणी सांगत नाही. कारखान्याने एजन्सीच्या माणसाला थेट नेमले तर एजन्सी कारखान्याकडून शुल्क मागू शकते, पण ते त्या माणसाने तिथे काम सुरू केल्यापासूनच्या पहिल्या सहा महिन्यांतच. त्यानंतर असे शुल्क घेता येत नाही. कामगाराला थेट नोकरी घेण्यापासून एजन्सी अडवू शकत नाही, आणि त्याच्याकडून नोंदणीसाठी किंवा काम मिळवून देण्यासाठी पैसेही घेऊ शकत नाही. आपल्या भावाचे सहा महिने केव्हाच उलटून गेले आहेत. त्याने पर्यवेक्षकाला तोंडी न विचारता, मनुष्यबळ विभागाला लहानसे पत्र लिहून थेट नेमणुकीची विनंती करावी. त्यात हजेरी, शिकलेली यंत्रे, फोर्कलिफ्टचे प्रशिक्षण असल्यास ते, आणि अपघाताशिवाय केलेले काम यांचा उल्लेख करावा. पर्यवेक्षकाचा पाठिंबा त्याच पत्रात दोन ओळींत घेता आला तर उत्तम.

पगारातील तफावतीबद्दल लिहायचे तर, १ एप्रिल २०१८ पासून एजन्सीच्या कामगाराला त्याच कामासाठी कायम कामगाराइतका दर देणे ऑन्टारियोत बंधनकारक झाले होते. नवीन सरकारने ती तरतूद काही महिन्यांतच मागे घेतली आणि १ जानेवारी २०१९ पासून ती रद्द झाली. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांत इथल्या कष्टकरी स्थलांतरितांचे याहून मोठे नुकसान झालेले नाही. एक चांगली गोष्ट अशी की १ जुलै २०२४ पासून टेम्प एजन्सीला परवाना घ्यावा लागतो, आणि परवानाधारकांची यादी कामगार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. भावाने आपल्या एजन्सीचे नाव तिथे तपासून घ्यावे.

उत्तररात्र

धागा चांगला आहे, पण माझा अनुभव वेगळा आहे आणि तो मांडणे आवश्यक वाटते. मी पंधरा वर्षांचा आयटी अनुभव घेऊन आलो. अशाच एका केंद्रात गेलो, तर मला ईमेल कसा लिहावा याच्या वर्गात बसवले आणि शेवटी एका गोदामातील जाहिरात हातात ठेवली. माझी नोकरी मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांच्या ओळखीतून मिळवली. माझ्यासारख्यांना या केंद्रांचा काही उपयोग आहे असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

कृष्णाकाठ

आपली तक्रार रास्त आहे आणि ती मी अनेकांकडून ऐकली आहे. सर्वसाधारण केंद्रातील सल्लागाराकडे एकाच दिवशी स्वयंपाकी, शिंपी, वकील आणि डेटाबेस तज्ज्ञ येतात. प्रत्येक क्षेत्राचे बारकावे त्याला ठाऊक असणे शक्य नाही, आणि ज्याला ते ठाऊक नाहीत त्याने तसे स्पष्ट सांगून योग्य ठिकाणी पाठवायला हवे. आपल्याला गोदामाची जाहिरात देणे हा आळस होता. अनुभवी व्यावसायिकांसाठी ब्रिजिंग कार्यक्रम असतात, ज्यांत त्या क्षेत्राचे इथले नियम, सॉफ्टवेअर आणि मालकांशी ओळख हे सगळे एकत्र मिळते. टोरोंटोमध्ये ट्रिएक नावाची परिषद २००३ पासून स्थलांतरितांच्या रोजगारासाठी काम करते, आणि तिच्या मार्गदर्शक कार्यक्रमात आपल्याच व्यवसायातील इथल्या माणसाशी गाठ घालून दिली जाते. आपल्याला जुन्या सहकाऱ्यांमुळे जी वाट मिळाली, तशी वाट ज्याचे इथे कोणी नाही त्याच्यासाठी तयार करणे हाच या कार्यक्रमाचा हेतू आहे. ज्यांना ओळखी नाहीत अशांची संख्या, विशेषतः स्त्रियांमध्ये, फार मोठी आहे.

उत्तररात्र

ब्रिजिंग कार्यक्रमाबद्दल मला त्या वेळी कोणीही सांगितले नव्हते. नवीन येणाऱ्यांनी ही माहिती लक्षात ठेवावी.

मोगरा_सातारा

ताई, माझ्या बहिणीचे मिस्टर स्थापत्य अभियंता आहेत. त्यांना प्रत्येक ठिकाणी कॅनेडियन अनुभव विचारला जातो. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, या फेऱ्यात दोन वर्षे गेली. ही अट कायदेशीर आहे का?

कृष्णाकाठ

या अटीविरुद्ध बरीच वर्षे लढा चालला आहे. ऑन्टारियो मानवी हक्क आयोगाने २०१३ साली धोरण जाहीर करून कॅनेडियन अनुभवाची सरसकट अट ही सकृतदर्शनी भेदभाव ठरते अशी भूमिका घेतली. २०२१ च्या कायद्याने आरोग्यक्षेत्राबाहेरील नियंत्रित व्यवसायांच्या परवान्यासाठी ही अट घालण्यास मनाई केली. प्रोफेशनल इंजिनिअर्स ऑन्टारियो या अभियंत्यांच्या नियामक संस्थेने मे २०२३ मध्ये ती काढून टाकली. आता १ जानेवारी २०२६ पासून, २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला नोकरीच्या जाहीर जाहिरातीत कॅनेडियन अनुभव मागता येत नाही. त्याच तारखेपासून जाहिरातीत पगार किंवा पगाराची किमान-कमाल मर्यादा सांगणे आवश्यक आहे, आणि मुलाखत झालेल्या उमेदवाराला ४५ दिवसांच्या आत निर्णय कळवावा लागतो.

कायदा झाला म्हणून मनातली अढी लगेच जात नाही, हेही मी रोज पाहते. जाहिरातीतून वगळलेली अट मुलाखतीत दुसऱ्या रूपाने येते. म्हणून त्यांनी एकाच वेळी दोन गोष्टी कराव्यात. पी.इंजि. (व्यावसायिक अभियंता) परवान्याचा अर्ज आता थांबवू नये, कारण पूर्वी ज्या कारणाने तो अडत असे ते कारण राहिलेले नाही. आणि तोपर्यंत आपल्या क्षेत्राला लागून असलेले काम धरावे: अंदाजपत्रके तयार करणे, बांधकाम स्थळावरील समन्वय, नगरपालिकेतील तांत्रिक साहाय्यकाची जागा, मातीपरीक्षणाची प्रयोगशाळा. माझ्याकडे आलेल्या अभियंत्यांपैकी जे क्षेत्राच्या सीमेवर का होईना पण क्षेत्रात राहिले, ते लवकर पुढे सरकले. जे जास्त पगारासाठी पूर्णपणे बाहेर गेले, त्यांना परत येणे कठीण गेले. घरखर्च भागत नसेल तर कोणतेही काम घ्यावे, त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त पाळी अशी निवडावी की दिवसा मुलाखतीला जाता येईल.

मोगरा_सातारा

त्यांना हे वाचायला दिले आहे. अंदाजपत्रकांचे काम त्यांनी इकडे भारतात भरपूर केलेले आहे, पण ते रेझ्युमेत लिहिलेच नव्हते. मनापासून आभार.

चाकणवासी

मी चाकणच्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात आहे. बस आणि पाळीबद्दल आपण जे लिहिले आहे ते आमच्याकडेही तंतोतंत लागू पडते. मराठवाड्यातून आणि विदर्भातून मुले येतात. पहिल्या महिन्यात जी सोडून जातात, त्यांतली बहुतेक कामाला कंटाळून जात नाहीत. राहायची खोली महाग पडते, खानावळीचे जेवण परवडत नाही किंवा कंपनीची बस त्यांच्या वस्तीकडे जात नाही. आमच्याकडे बहुतेक भरती कंत्राटदारामार्फत होते, आणि त्यांच्याशी नंतर फोनवर बोलणारे कोणी नसते. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तीत प्रशिक्षणार्थींना शिक्षणानुसार महिना सहा, आठ किंवा दहा हजार रुपये विद्यावेतन सरकारकडून मिळते. मुले तयार होतात, पण मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न आमच्या दारात उभा राहतो. तिकडे कॅनडात मालकाला असे अर्थसाहाय्य मिळते का, आणि त्यानंतर माणूस राहतो का?

कृष्णाकाठ

चाकणवासी, आपला प्रतिसाद वाचून फार बरे वाटले, कारण मालकाच्या बाजूने असा विचार करणारा माणूस भेटला की आमचे अर्धे काम होते. होय, इथे मालकाला नवीन माणसाच्या प्रशिक्षणासाठी काही काळ आर्थिक प्रोत्साहन देता येते. किती आणि किती काळ, हे माणसाच्या गरजेनुसार ठरते. ते पैसे कशाच्या बदल्यात दिले जातात यावर माणूस राहणार की जाणार हे ठरते, असा माझा अनुभव आहे. वेतनातील सवलत म्हणून दिलेले पैसे संपले की माणूसही जातो. जिथे आम्ही आधी प्रशिक्षणाचा लेखी आराखडा मागतो, म्हणजे कोणत्या आठवड्यात कोणते यंत्र, शिकवणारा कोण, मुदतीनंतरची जागा कोणती आणि तिचा पगार किती, तिथे माणूस राहतो. ज्या मालकाला मुदतीनंतरची जागा लिहून देता येत नाही, त्याच्याकडे मी माणूस पाठवत नाही. यासाठी काही मालक आमच्या केंद्रावर नाराज आहेत, आणि मी ती नाराजी पत्करते.

आपल्या कारखान्यात पहिल्या महिन्यात सोडून गेलेल्या मुलांची कारणे लिहून ठेवायला सुरुवात केलीत तर बसचा मार्ग बदलण्याइतका पुरावा व्यवस्थापनापुढे ठेवता येईल, असे वाटते.

चाकणवासी

कारणांची नोंदवही या महिन्यापासून सुरू करतो.

रेवाकाठची

मी पतीबरोबर मिल्टनला आले आहे. मुलगा चार वर्षांचा आहे. भारतात बँकेत होते, आता मधे बराच खंड पडला आहे. पूर्णवेळ काम घ्यावे तर मुलाचे काय, आणि घेऊ नये तर खंड वाढतच जातो. मुलाखतीत या खंडाबद्दल काय सांगावे? आणि आपल्यासारखे काम करण्यासाठी काय शिकावे लागते?

कृष्णाकाठ

आपली परिस्थिती माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक स्त्रियांची आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. ऑन्टारियोने मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या बालसंगोपन योजनेत सहभागी होण्याचा करार केला, आणि योजनेत असलेल्या पाळणाघरांत पालकांचे शुल्क जानेवारी २०२५ पासून दिवसाला जास्तीत जास्त २२ डॉलर आहे. शुल्क उतरले तसे जागा मिळणे कठीण झाले, म्हणून नोकरीच्या अर्जाआधी पाळणाघराच्या प्रतीक्षायादीत नाव घालावे. परवानाधारक घरगुती पाळणाघरांचीही चौकशी करावी, त्यांच्या वेळा काही वेळा अधिक सोयीच्या असतात. मुलगा चार वर्षांचा असल्यामुळे त्याला ज्युनिअर किंडरगार्टन मिळेल, आणि ते सरकारी शाळेत पूर्ण दिवसाचे व विनाशुल्क असते.

तोवर शाळेच्या वेळेत बसणारी कामे पाहावीत. शाळांमध्ये दुपारच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवण्याची जागा असते. तास थोडे असले तरी तिथे इथला संदर्भ देणारी व्यक्ती मिळते, आणि पुढच्या प्रत्येक नोकरीत तो संदर्भ उपयोगी पडतो. आपला बँकेतील अनुभव पाहता शाखेतील अर्धवेळ ग्राहकसेवेच्या जागेपासून सुरुवात करणे मला अधिक योग्य वाटते, कारण बँकांमध्ये आतल्या उमेदवारांना वरच्या जागांसाठी अर्ज करता येतो.

खंडाबद्दल एका वाक्यात सांगावे: स्थलांतर आणि मुलाचे संगोपन यांसाठी थांबले होते, आता पाळणाघराची व्यवस्था झाली आहे आणि मी अमुक तारखेपासून उपलब्ध आहे. त्याहून जास्त स्पष्टीकरण देऊ नये. रेझ्युमेत जन्मतारीख, छायाचित्र, वैवाहिक स्थिती, धर्म यांतले काहीही लिहू नये. आपल्याकडच्या बायोडेटात हे सगळे असते, आणि तसाच्या तसा तो इथे पाठवलेला मी अजूनही पाहते.

आमच्या व्यवसायात येण्यासाठी बऱ्याच महाविद्यालयांत करिअर विकास या विषयाचे पदव्युत्तर प्रमाणपत्र मिळते, काही ठिकाणी ते घरबसल्याही करता येते. पण त्याआधी एखाद्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून काम करून पाहावे. बँकेत काउंटरवर बसून आपण लोकांच्या पैशांच्या अडचणी ऐकल्या आहेत. त्या अनुभवाची या कामात मोठी किंमत आहे. या क्षेत्रात पगार मध्यम असतात आणि संस्थांचे करार बदलले की आमच्याच जागा धोक्यात येतात. तरीही मी हे काम सोडण्याचा विचार कधी केला नाही, कारण एखाद्या घरातला महिन्याचा पगार नियमित येऊ लागला की त्या घरातली मुले वर्षभर एकाच शाळेत राहतात. हे मी माझ्या डोळ्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

रेवाकाठची

आजच दोन पाळणाघरांत नाव नोंदवले. इतक्या आपुलकीने लिहिल्याबद्दल आभारी आहे, ताई.

मावळतीकर

भावाने एजन्सीचे नाव यादीत तपासले, परवाना आहे. पत्राचा मसुदा तयार करत आहे. एक विनंती: अजून भारतातच असलेल्यांनी निघण्यापूर्वी कोणती कागदपत्रे जमवावीत, हेही लिहाल का? माझा चुलतभाऊ याच वर्षी येत आहे.

कृष्णाकाठ

जरूर. विद्यापीठाकडून गुणपत्रकांच्या अधिकृत प्रती मोहोरबंद पाकिटात घेऊन ठेवाव्यात, आणि परदेशी पदव्यांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला विद्यापीठाने थेट पाठवायच्या प्रतींची प्रक्रिया निघण्यापूर्वीच सुरू करावी, कारण इथून पाठपुरावा करण्यात महिने जातात. प्रत्येक जुन्या नोकरीचे अनुभवपत्र नव्याने मागावे. आपल्याकडे सहसा 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कार्यरत होते व त्यांची वर्तणूक चांगली होती' एवढेच लिहून देतात, ते इथे पुरत नाही. पद, रोजची कामे, आठवड्याचे तास, हाताखालची माणसे आणि सही करणाऱ्याचा कार्यालयीन ईमेल इतके त्यात असावे. नावाच्या स्पेलिंगमध्ये पासपोर्ट आणि पदवीपत्र यांत फरक असेल, किंवा लग्नानंतर नाव बदलले असेल, तर त्याचे शपथपत्र करून घ्यावे. या एका कारणाने अर्ज अडकलेल्या कितीतरी स्त्रिया माझ्याकडे आल्या आहेत. परिचारिका, औषधनिर्माते, शिक्षक अशांनी आपापल्या परिषदेकडून किंवा शिक्षण खात्याकडून नोंदणीच्या पडताळणीसाठी काय लागते ते आधीच विचारून घ्यावे. वाहन चालवण्याचा परवाना असेल तर तो किती वर्षांपासून आहे याचे पत्र आरटीओकडून घ्यावे, इथला परवाना लवकर मिळण्यास त्याची मदत होते.

चुलतभाऊ कोणत्या क्षेत्रातला आहे आणि कोणत्या शहरात उतरणार आहे, ते कळवा. त्याप्रमाणे पुढचे लिहिते.